वर्गातले चित्रकला प्रोजेक्ट: नमुना दाखवू नका, अट घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्गात 40 मुलं, आठवड्यातून एक तास, साहित्य मोजकंच. ऑनलाइन बघून प्रोजेक्ट घेतले की शेवटी सगळ्यांचं एकसारखंच दिसतं, आणि वरच्या वर्गातली निम्मी मुलं "मला चित्र जमत नाही" म्हणून हात बांधून बसतात. मग असे कुठले प्रोजेक्ट घ्यायचे ज्यात मुलं खरंच स्वतःचं काहीतरी करतील?

मी बरीच वर्षं शाळेत कला शिकवतेय, लहान वर्ग पण आणि मोठे पण, त्यामुळे जे वर्गात खरंच चालतं तेवढंच लिहिते. उत्तर लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

आधी मूळ मुद्दा. तुम्ही तयार वस्तू टेबलावर ठेवली आणि "असं करायचंय" म्हणालात की मुलांच्या डोक्यात एकच काम उरतं, ते म्हणजे याच्याशी जुळवायचं. मग 40 घुबडं तयार होतात, सगळ्यांचे डोळे एकाच जागी, आणि ज्याचं घुबड वाकडं झालं त्याला वाटतं आपलं चुकलं. याच्या उलट टोकाला "आज मनाला येईल ते काढा" म्हणालात तरी फारसं काही होत नाही, कारण रिकाम्या कागदासमोर मुलं नेहमीचंच काढतात, दोन डोंगर, मधे सूर्य, एक घर, एक नदी. चालतं ते या दोन्हींच्या मधलं, म्हणजे एक स्पष्ट, छोटी, थोडी अवघड अट. अट सगळ्यांना तीच, पण ती पाळायचे रस्ते भरपूर. कुठलाही प्रोजेक्ट निवडताना मी स्वतःला एकच विचारते, की ही अट पाळून 40 वेगळ्या गोष्टी होऊ शकतात का? होत नसतील तर ती हस्तकला आहे. हस्तकलाही शिकवावीच, कात्री धरणं, नीट घडी घालणं, डिंक कमी लावणं हे सगळं यायलाच पाहिजे, पण त्याला सर्जनशील प्रोजेक्ट म्हणायचं नाही एवढंच.

आता वयाचं बघू, कारण "जमत नाही" चं मूळ तिथे आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने 1947 मधे मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, ते आजही वर्गात बसून बघितले तर बऱ्यापैकी जुळतात. साधारण 2 ते 4 वर्षं रेघोट्या, 4 ते 7 मधे गोल डोकं आणि त्यालाच फुटलेले हातपाय, 7 ते 9 मधे ठरलेली चिन्हं, म्हणजे खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी, घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतायत, आणि जे महत्त्वाचं ते मोठं. हे काहीही दुरुस्त करू नका प्लीज. आई घरापेक्षा उंच काढली असेल तर ते मुलाचं म्हणणं आहे, प्रमाण कळत नाही असा त्याचा अर्थ नाही. आणि मग साधारण 9 ते 12 च्या दरम्यान मुलांना एकदम "खऱ्यासारखं" हवं असतं, स्वतःच्या चित्राची शेजारच्याशी तुलना सुरू होते, आणि हात अजून डोळ्याच्या मागे असतो. तुमची हात बांधून बसलेली मुलं बहुतेक याच वयाची असणार. त्यांना सारखी समोर वस्तू ठेवून हुबेहूब काढायला लावलं तर त्यातली बरीचशी चित्रकला कायमची सोडतात. या वयाला असे प्रोजेक्ट द्यावे लागतात जिथे हुबेहूबपणा हे मोजमापच नसतं, पण काम बालिशही वाटत नाही. ठसे, कोलाज, कागदाची रचना, रंगांचे खेळ, हे सगळं त्यासाठीच.

माझा सगळ्यात लाडका प्रोजेक्ट आधी सविस्तर सांगते, कारण तो मोठ्या वर्गाला अगदी फिट बसतो आणि खर्च जवळपास शून्य. प्रत्येकाला 15 सेंमीचा एक चौरस जाड कागद. चारही कडांवर 5 सेंमी आणि 10 सेंमीवर पेन्सिलने बारीक खूण, म्हणजे एकूण आठ खुणा. अट अशी की प्रत्येक खुणेतून एक पट्टा आत आला पाहिजे, कडेपाशी तो 1 सेंमी रुंद असला पाहिजे, आणि आत फिरून तो दुसऱ्या एखाद्या खुणेतून बाहेर पडला पाहिजे. मधे त्याचं काय होतं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सरळ जाऊ दे, गाठ बसू दे, जिना होऊ दे, साप होऊ दे, दोन पट्टे एकमेकांच्या खालून वरून जाऊ देत. रंग सगळ्या वर्गाला फक्त दोन, तिसरा कागदाचा पांढरा.

आता गंमत बघा. आठ खुणांच्या जोड्या लावायच्या तर 105 वेगवेगळ्या पद्धतीने लागतात, आणि मधला आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे दोन चौरस सारखे व्हायची भीतीच नाही. आणि सगळ्यांच्या खुणा एकाच जागी असल्यामुळे कुठलाही चौरस कुठल्याही चौरसाशेजारी, कुठल्याही बाजूने फिरवून ठेवला तरी पट्टे जुळतात. 40 चौरस म्हणजे आठ गुणिले पाच, 120 बाय 75 सेंमीचं एक सलग चित्र. ते जमिनीवर मांडा आणि मुलांनाच फिरवायला सांगा. कोणी म्हणतं हा इकडे घे, मग बघ नदी तिकडपर्यंत जाते, कोणी म्हणतं नको, तो गाठीवाला मधे पाहिजे. मांडणीवर जो वाद होतो ना तो पूर्ण तास चालू द्या, रचना शिकवायचा याहून चांगला तास मला माहीत नाही. जे मूल कधीच काही दाखवत नाही त्याचा चौरसही तिथे लागतोच, तो काढला तर भोक पडतं, आणि हे मुलांना न सांगता कळतं.

एक टीप, खुणा अचूक नसल्या तर सगळं फसतं. लहान वर्गाला खुणा तुम्हीच करून द्या, किंवा पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्यावर दोन खाचा करा आणि ती सगळ्यांमधे फिरवा. पाचवीच्या पुढे मुलांनाच मोजू द्या, शेजाऱ्याशी कड लावून तपासू द्या.

चित्र जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी दुसरा जालीम उपाय म्हणजे कागदाकडे न बघता रेखाटन. स्वतःचा डावा हात, डावखुऱ्यांनी उजवा, किंवा पायातला बूट. एका छोट्या कागदाला भोक पाडून त्यातून पेन्सिल आरपार घालायची, म्हणजे हात झाकला जातो आणि चोरून बघता येत नाही. डोळा बोटाच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने सरकतोय आणि पेन्सिल त्याच वेगाने, पेन्सिल उचलायची नाही, पाच मिनिटं पूर्ण. निकाल सगळ्यांचाच वेडावाकडा येणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे भीती संपते, सगळे हसतात, आणि मग नीट बघितलं की लक्षात येतं की सांध्याच्या सुरकुत्या, नखाचा वळसा, बुटाच्या नाडीची गाठ या बारीक गोष्टी नेहमीच्या चित्रात कधीच येत नाहीत त्या इथे आल्यात. लगेच दुसऱ्या कागदावर तोच हात बघून काढायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवा. बदल मुलांना स्वतःलाच दिसतो, तुम्ही काही बोलायची गरज नाही.

कोलाज बहुतेक वर्गांत मासिकातली चित्रं कापून चिकटवणे एवढ्यावरच थांबतो, आणि त्यात मुलं तयार फुलं नि तयार गाड्याच चिकटवतात. त्याऐवजी आधी कागद रंगवून घ्या. एक पूर्ण तास फक्त कागद रंगवायचे, काहीही चित्र काढायचं नाही. ब्रशने, स्पंजने, जुन्या कंगव्याने, पुठ्ठ्याच्या कडेने, ओल्यावर ओलं. हे कागद सगळ्या वर्गाचे, नाव घालायचं नाही. पुढच्या तासाला ते ढिगात आणि प्रत्येकाने कुणाच्याही कागदातून कापायचं, पेन्सिलने आधी आकार न काढता थेट कात्रीने. हेन्री मातिस या फ्रेंच चित्रकाराने असंच काम केलं, 1941 मधे मोठं ऑपरेशन झाल्यावर त्याला उभं राहून रंगवणं जड जायला लागलं तेव्हा मदतनीस कागद गुवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवून द्यायचे आणि तो बसून, झोपून कात्रीने आकार कापायचा, त्याची खूप गाजलेली कामं त्या काळातली आहेत. मुलांना हे सांगा पण त्याची चित्रं आधी दाखवू नका, नाहीतर सगळीकडे त्याचीच पानं उगवतात. काम झाल्यावर दाखवा, तेव्हा मुलं "अरे हा पण आपल्यासारखंच करायचा" अशा नजरेने बघतात.

हे मी सगळ्याच चित्रकारांच्या बाबतीत पाळते. आधी अट, मग काम, मग चित्रकार. आधी चित्रकार दाखवला की नक्कल होते. आणि चित्र दाखवताना पण माहिती सांगत सुटू नका, विचारा की या चित्रात काय चाललंय, तुला असं कशावरून वाटलं, आणि अजून काय दिसतंय. "कशावरून" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो विचारला की मूल परत चित्रात बघतं.

कोलाजची अट म्हणून काय द्यायचं? मी देते त्यातल्या काही: फक्त पाच तुकडे वापरून गर्दी दाखवा. एक मोठा आकार आणि बाकी सगळे छोटे, पण लक्ष छोट्याकडे गेलं पाहिजे. कापलेला तुकडा आणि त्यातून उरलेलं भोक, दोन्ही वापरायचे. ही तिसरी फार छान चालते, कारण मुलं पहिल्यांदाच रिकाम्या जागेकडे आकार म्हणून बघायला लागतात.

रंगाबद्दल. मुलांकडे 24 रंगांची पेटी असली की ती रंग मिसळतच नाहीत, हिरवा हवा तर हिरवी वडी. म्हणून निदान एक प्रोजेक्ट असा घ्या की टेबलावर फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, काळा अजिबात नाही. काळा असला की मुलं प्रत्येक रंग गडद करायला तोच ओततात आणि सगळं मळकट होतं. काम असं: कागदावर 12 चौकटी, त्यात 12 वेगळे हिरवे, एकही पुन्हा यायला नको. मग एक पान किंवा गवताची काडी आणायची आणि तिच्या रंगाशी जुळेल असा हिरवा बनवून शेजारी लावायचा. थोडासा लाल घातला की हिरवा खऱ्या पानासारखा शांत होतो हे ज्या क्षणी एखाद्याला सापडतं तेव्हा तो पूर्ण टेबलाला सांगतो, तुम्हाला सांगावं लागत नाही. तुमच्यासाठी माहिती म्हणून, सगळे निळे सारखे नसतात. अल्ट्रामरीन निळ्यात किंचित जांभळी झाक असते म्हणून त्याचा हिरवा जरा मातकट होतो, हिरवट झाकेचा निळा आणि लिंबू-पिवळा घेतलात तर हिरवा झगझगीत होतो. जांभळा हवा असेल तेव्हा मात्र अल्ट्रामरीन आणि गुलाबीकडे झुकणारा लाल, शेंदरी लाल घेतलात तर तपकिरी होऊन बसतो. मुलांचा जांभळा "बिघडतो" तेव्हा दोष बहुतेक वेळा ट्यूबचा असतो.

सातवी-आठवीला रंगाचं अजून एक करता येतं ज्यात रंगवायचंच नाही, नुसते रंगीत कागद. एकाच कागदातून दोन सारखे छोटे तुकडे कापायचे आणि त्यांच्याखाली असे दोन वेगळे कागद शोधायचे की तुकडे वेगवेगळ्या रंगाचे वाटले पाहिजेत. जोसेफ आल्बर्स हा चित्रकार आणि कलाशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून हे करून घ्यायचा. मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत, तुकडे उचलून एकमेकांवर ठेवून बघतात. चित्र न जमणारी, गणितात रमणारी मुलं यात हमखास पुढे असतात. याच आल्बर्सने जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत विद्यार्थ्यांना नुसती वर्तमानपत्रं दिली होती, की कागद वाया न घालवता यातून काहीतरी करा. कोणी महाल केला, कोणी जहाज, पण त्याने उचलून धरलं ते फक्त घडी घालून उभा केलेला एक कागद, कारण कागद काय करू शकतो ते त्यातच दिसत होतं.

हा प्रोजेक्ट तुम्ही जसाच्या तसा घेऊ शकता. प्रत्येक गटाला दोन जुनी वर्तमानपत्रं, डिंक नाही, टेप नाही, कात्री फक्त एक. शक्य तितकं उंच आणि हात सोडल्यावर उभं राहणारं काहीतरी. सपाट कागद लोळतो, घडी घातली की ताठ होतो, गुंडाळी केली की खांब होतो, आणि पायथा रुंद केला नाही तर वरचं सगळं कोसळतं, हे मुलं 20 मिनिटांत शोधतात. नंतर उरलेला वेळ त्या उंचीला देखणं करायला. बघा, विज्ञानाचे शिक्षक पण डोकावतील.

ठसेकामाला लोक घाबरतात, पसारा होतो म्हणून, पण पुठ्ठ्याचा ठसा अगदी आवाक्यातला आहे. साधारण 10 बाय 15 सेंमीचा पुठ्ठा, त्यावर पातळ पुठ्ठ्याचे कापलेले आकार, दोरा, जाळी, खरखरीत कापड असं चिकटवायचं. सगळ्याची उंची साधारण सारखी, दोनेक मिलिमीटर, नाहीतर उंच भाग कागद फाडतो आणि सखल भाग छापलाच जात नाही. वरून पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यायचं. हा हात कुणी विसरलं की पुठ्ठा रंग पिऊन टाकतो आणि दुसऱ्या छाप्याला तो ओला होऊन उकलायला लागतो. मग रोलरने पोस्टर कलर पातळ थरात, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. पोस्टर कलर फार लवकर वाळतो, म्हणून रंगात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब आणि छापायचा कागद किंचित ओलसर. पहिला छापा फिका येतो, तेव्हा मुलं हिरमुसतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला टाकाऊच असतो, मोजायचे ते दुसऱ्यापासून.

आणि इथे अट हवीच, नाहीतर प्रत्येक जण एक छापा काढून "बाई, झालं" म्हणणार. अट अशी की एकाच ठशातून चार छापे, पण चारही वेगळे. एक रंगीत कागदावर, एक ठसा फिरवून आधीच्यावर पुन्हा, एक अर्धाच रंग लावून, एक कापून परत जोडून. खरं शिकणं चौथ्यात होतं कारण सोपे उपाय तिसऱ्यापर्यंत संपलेले असतात.

लहानांसाठी, म्हणजे पहिली-दुसरी, याचंच सोपं रूप म्हणजे कागद पृष्ठभागावर ठेवून मेणखडू घासणं. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने 1925 मधे लाकडी जमिनीच्या रेषांवरून हे सुरू केलं आणि त्याला त्यात प्राणी, जंगलं दिसायला लागली. खडूचा कागद सोलून तो आडवा धरायचा, कागद पातळ हवा, पानाची शिरांची बाजू वर. शाळाभर हिंडून दहा पोत गोळा करायचे आणि मग ते कापून कुणीही न पाहिलेला प्राणी बनवायचा, अट एवढीच की अंगाचा पोत बघून तो कुठे राहतो ते ओळखता आलं पाहिजे. दगडासारखा पोत असलेला दगडातच राहणार ना.

मातकामाचं थोडक्यात. मुलांच्या मूर्तींचे हातपाय गळतात त्याचं कारण नुसतं चिकटवणं. जोडायच्या दोन्ही जागा काडीने ओरखडायच्या, मातीचाच पातळ चिखल लावायचा आणि दाबून सांधा बोटाने पुसून टाकायचा. त्याहून सोपं म्हणजे अटच अशी द्या की एकाच गोळ्यातून ओढून, चिमटून काढायचं, काहीही जोडायचं नाही. बारीक भाग आधी वाळून आकसतात आणि तडकतात, म्हणून पहिले दोन दिवस वर प्लॅस्टिकचा कागद सैल टाकून ठेवा, उन्हात ठेवू नका.

मोठ्या मुलांना प्रकाशाचं काम फार आवडतं. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने 1842 मधे निळ्या छापाची पद्धत शोधली, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून तो उन्हात धरायचा, ऊन पडलेला भाग निळा होतो आणि झाकलेला पांढरा राहतो, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळाचे छाप त्याच पद्धतीने काढायला सुरुवात केली. त्याला रसायनं लागतात, ती विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने आणि हातमोजे घालूनच, आठवी-नववीच्या पुढे. पण रसायनाशिवायही होतं. स्वस्तातला गडद रंगीत कागद उन्हाच्या खिडकीत ठेवायचा, वर पुठ्ठ्याचे कापलेले आकार किंवा पानं काचेखाली दाबायची, आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. बाकीचा कागद विटतो, झाकलेला भाग गडद राहतो. स्वस्त कागदांचा रंग टिकत नाही ही तक्रार इथे कामाला येते. अटीसाठी दर आठवड्याला एक वस्तू काढून घ्यायची, मग तीन वेगळ्या छटा मिळतात आणि आधीपासून विचार करावा लागतो की कुठली वस्तू कधी काढायची.

आता वेळेचं, कारण बहुतेक प्रोजेक्ट तिथेच मरतात. 35-40 मिनिटांच्या तासात एक पूर्ण काम संपवायचा हट्ट सोडा. एक प्रोजेक्ट तीन ते चार तासांचा धरा: पहिला तास साहित्याशी खेळ आणि चार छोट्या चौकटींत कच्ची कल्पना, दोन तास काम, शेवटी मांडणी आणि बोलणं. चार चौकटी सक्तीच्या, आणि चारही वेगळ्या, कारण पहिली कल्पना सगळ्यांची जवळपास सारखी असते. आवराआवरीला दहा मिनिटं ठेवाच, दर रांगेत एकाकडे ब्रश, एकाकडे पाणी, एकाकडे रद्दी, ही माणसं महिनाभर तीच ठेवा म्हणजे दर वेळी नव्याने सांगावं लागत नाही. ओली कामं ठेवायला भिंतीला दोरी आणि चिमटे, याहून चांगली सोय मी अजून पाहिली नाही.

काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्या. वर्गात लाल-हिरवा नीट वेगळा न ओळखणारं एखादं मूल असू शकतं, मुलींपेक्षा मुलांमधे हे बरंच जास्त असतं, आणि ते स्वतःहून सांगत नाही, म्हणून रंगाच्या डब्यांवर नावं लिहा. डावखुऱ्यांना साध्या कात्रीने नीट कापलं जात नाही कारण पाती उलटी बसतात आणि रेघ दिसत नाही, मूल "हळू" नसतं, कात्री चुकीची असते. काहींना ओल्या रंगाचा, मातीचा स्पर्श सहनच होत नाही, त्यांना काडी द्या, हातमोजा द्या, जबरदस्ती करू नका. कटर फक्त मोठ्यांना आणि एका टेबलावर तुमच्या नजरेसमोर. स्प्रे, थिनर, थर्माकोल तापलेल्या तारेने कापणं हे बंद वर्गात नकोच.

तुम्ही काय बोलता याने प्रोजेक्टवर खूप फरक पडतो. "वा, छान" एवढंच म्हटलं की मूल तिथे थांबतं, त्याला वाटतं झालं. त्यापेक्षा जे दिसतं ते सांगा, "इथे तू तीनच रेषांत वारा आणलास". "हे काय आहे?" असं विचारू नका, "याबद्दल सांग ना" म्हणा. आणि मुलाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल कधीच चालवू नका, अगदी कोपऱ्यात सुद्धा. समजावायचं असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर काढा आणि ती चिठ्ठी परत घ्या. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण शिक्षकाची एक सफाईदार रेघ पडली की बाकीचं सगळं चित्र मुलाला परकं वाटायला लागतं.

मार्क द्यायलाच लागतात हे मला माहितेय. मी चार गोष्टी बघते: अट पाळली का, चार चौकटींत खरंच चार वेगळे विचार होते का, मधे काही बदललं का आणि का बदललं, आणि साहित्य नीट हाताळलं का. हुबेहूबपणाला शून्य मार्क. "का बदललं" यासाठी शेवटच्या तासाला प्रत्येकाने चित्रामागे दोन ओळी लिहायच्या, लहानांनी बोलायच्या. त्या ओळी वाचल्या की कुणी खरंच विचार केलाय ते लगेच कळतं, आणि पालक "याला कमी का" विचारायला आले तर दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असतं. भिंतीवर लावायचं तर सगळ्यांचं लावा, निवडक पाच नाही. जागा नसेल तर आठवड्याला दहा, पाळीपाळीने.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर पुढच्या तासाला न बघता रेखाटन घ्या, त्याला कागद आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही आणि हात बांधून बसलेले मोकळे होतात. त्यानंतर तीन तास 15 सेंमीच्या चौरसांचे. चौरस कापून, खुणा करून आदल्या दिवशीच तयार ठेवा आणि चार-पाच जास्तीचे करून ठेवा, कुणीतरी गैरहजर असतं आणि कुणाचा तरी रंगात भिजतोच.